तिघांच्या विहिरीचं गणित

सर, तुमचं गणित चुकलं. इतकी वर्षं मी ते सिद्ध करत बसले आणि आता माझ्याच हातानं खोटं पाडलंय. हे तुम्हालाच सांगायचं होतं, दुसऱ्या कुणाला त्याचं सोयरसुतक नाही.

निर्मळच्या तुमच्या घरी मागच्या ओट्यावर शिकवायचात. मी तुळिंजहून धापा टाकत यायची, काकू केळी पुढे ठेवून म्हणायच्या, "आधी खा, मग आकडे." प्रश्न अख्खा सुटत नसेल तर तोडायचा, तुम्ही सांगायचात. तुकडे एकेकटे सोडवायचे, एकाचं उत्तर बघून दुसऱ्यानं आपलं थोडं बदलायचं, मग पहिल्यानं, असं पाळीपाळीनं. तुकडे दोनच असले तर उत्तर हळूहळू एका जागी येऊन थांबतं, हे जगानं सिद्ध केलेलं. तुमचा हट्ट तिसऱ्या तुकड्याचा. तुमच्या पद्धतीनं तिन्ही थांबतीलच, आणि पुरावा मागितला की बोट वाडीकडे. "आम्हा तिघा भावांत एक विहीर. दुसऱ्यांनी किती पाणी घेतलं ते बघून जो तो आपलं ठरवतो. भांडण झालंय कधी?" मी हसले तर भडकलात. "हसतेस काय, सिद्ध करून दाखव." शेवटी दवाखान्यातही काकूंना तेच म्हणालात, पोरगी करेल. स्वतः सुटलात आणि मला अडकवून गेलात. राग येतो हो तुमचा.

गेल्या महिन्यात एक उदाहरण हाती लागलं. तीन साधी समीकरणं, शाळेतलं पोर मांडेल अशी. तुमच्या पद्धतीनं चालवली तर आकडे दर फेरीला उत्तरापासून आणखी लांब जातात. कॉम्प्युटरवर पाहिलं, मग कागदावर केलं, मग पुन्हा. खोटं ठरवायला एक उदाहरण पुरतं, हे तुम्हीच शिकवलंत. दुरुस्ती करायची म्हटली तर ती तुमची पद्धत राहत नाही, आणि तसल्या दुरुस्त्या इतरांनी कधीच करून ठेवल्यात. माझ्या हातात काही उरलेलं नाही.

परवा काकूंना सांगायला गेले. त्या अंथरुणाला खिळल्यात, डॉक्टरांनी हात टेकलेत. विहिरीचा विषय मीच काढला, म्हटलं तिथून सुरुवात करावी. तर म्हणाल्या, "भांडण कसलं होणार? मधले दीर आपल्या वाटचं पाणी सोडून द्यायचे. त्यांची केळी सुकायची. आम्हा बायकांना ठाऊक होतं, ह्यांना कोण सांगणार?" मग माझा हात धरला. "सुटलं का गं ह्यांचं?"

"सुटलं, काकू," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

त्या रडल्या. म्हणाल्या, रविवारी चर्चमध्ये आभाराची मिस्सा ठेवते, फादरांना आजच निरोप धाडते, मला खुर्चीत घालून न्या. आणि मला त्यांनी पुढच्या बाकावर बसायला सांगितलंय.

रविवारी फादर वेदीवरून तुमचं नाव घेतील, तुमचं गणित सिद्ध झालं म्हणून देवाचे आभार मानतील आणि भरलेलं चर्च आमेन म्हणेल. हा कागद त्याआधी मी फाडून टाकणार आहे. मी तुमच्या धर्माची नाही, पण आमेन मीही म्हणणार आहे. आणि सर, म्हणताना ते खरं आहे असं मला क्षणभर वाटावं, एवढीच इच्छा राहिली आहे.