सामीच्या आईला काय सांगायचं

९ फेब्रु., लायडन
सामीची खोली आवरली. लॅबमध्ये चार वर्षं शेजारी बसलो, म्हणून काम माझ्याकडे. शर्ट, पुस्तकं, मसाल्यांच्या बरण्या, आईचा फोटो. शवपेटी मागच्याच आठवड्यात नाझरेथला गेली. घरमालक जिन्यात उभा. म्हणाला, सोमवारी दार उघडलं तेव्हा... पुढचं ऐकलं नाही. डॉक्टर म्हणाले हार्ट. बहुधा गुरुवारीच. चौतीस वर्षांचा.

कुणाला सांगितलं नाही ते इथं लिहिते. गुरुवारी संध्याकाळी त्याचा मेसेज होता. "छातीत जळजळतंय. ॲसिडिटीची गोळी आहे का?" वाचला. उत्तर दिलं नाही. दुपारी मीटिंगमध्ये त्यानं माझ्या डेटातली चूक सगळ्यांसमोर काढली होती. चूक खरी होती. शुक्रवारी तो आला नाही, मला बरंच वाटलं.

११ फेब्रु.
सामान पार्सलनं जाऊ शकतं. तरी स्वतः नेणार. नागपूरला फोन केला. आई म्हणाली, "इतक्या लांब तू कशाला? तुझा काय संबंध?" मित्र होता, एवढंच म्हटलं.

२ मार्च, नाझरेथ
विमान दोनदा रद्द, तिसऱ्यांदा निघालं. पुढे बस. चढउतारांचं गाव, दुकानांतून मोठ्यानं अरबी गाणी, एकमेकांना हाका. इतका आवाज लायडनमध्ये वर्षभरात होत नाही.

सामीची बहीण रीमा घ्यायला आली. शाळेत इंग्रजी शिकवते. बॅग घेतली, पण जागची हलली नाही.
"त्याचा फोन माझ्याकडे आहे. मेसेज वाचलेत मी."
तीच पुढे म्हणाली,
"आईला मी सांगितलंय की तो हॉस्पिटलात गेला, तू जवळ होतीस. एकटा पडून होता हे तिला सोसणार नाही. तू तेच सांगायचं. एवढं तरी कर."

३ मार्च
घरात माणसंच माणसं. बिनसाखरेची कडू कॉफी. आईला सगळे उम्म सामी म्हणतात, म्हणजे सामीची आई. अजूनही तेच.

ती विचारायची, रीमा इंग्रजीत सांगायची.
"फार दुखलं का त्याला?"
"नाही."
"काही बोलला?"
"तुमची आठवण काढली."
हे रीमानं शिकवलेलं नव्हतं. ती क्षणभर थांबली, मग अरबीत सांगितलं. उम्म सामीनं माझा हात गालाला लावला. याच हातात त्याचा हात होता ना, म्हणाली. मला हात काढून घेता येईना. नंतर ताट वाढलं. द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात. सगळं संपवलं.

४ मार्च
उम्म सामी मोठ्या चर्चला घेऊन गेली, अर्थ सांगायला रीमा बरोबर. मेरीला देवदूत भेटला ती जागा. जगभरचे यात्रेकरू, रांग, मेणबत्त्या. मी बौद्ध आहे हे रीमानं सांगितलं असावं. उम्म सामीनं विचारलं, तुमच्यात गेलेल्या माणसासाठी काय म्हणतात? हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. ती डोळे मिटून ऐकत होती.

परतताना बाजारात प्रत्येक दुकानापाशी थांबून ती सांगत होती, ही माझ्या मुलाजवळ होती. रसवाल्यानं डाळिंबाचा रस हातात दिला. कॉफीवाल्या म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवून मान लववली.

रीमा बस स्टॉपवर म्हणाली, "छान बोलतेस खोटं."

२६ मार्च, लायडन
लॅबमध्ये त्याच्या जागी नवीन मुलगी आलीय. तिला फ्रीजमधला त्याचा कप्पा दाखवला.

रीमाचा फोन. आई येतेय, ईस्टरनंतर. खोली बघायची नाही म्हणते. हॉस्पिटल बघायचंय. तो बेड. नर्सला द्यायला रुमालावर नक्षी भरतेय.
"आता तूच खरं सांग तिला," मी म्हटलं.
"मी येत नाहीये. शाळा आहे."
"मग आम्ही दोघी बोलणार कशा?"
"ते तू बघ."

म्हणजे स्टेशनवर घ्यायला मीच. तिला इंग्रजीचे दहा शब्द येतात, मला अरबीचे चार. 'माझं चुकलं' याला अरबीत काय म्हणतात, रीमाला विचारलं. ती बोलली नाही. पण फोनही ठेवला नाही. मी कागद-पेन घेऊन बसले...