धुळ्याचे शेंगदाणे पास झाले

रॉटरडॅम,
९ मार्च १९९४

प्रिय आईस,
विशाखाचा जयभीम.

आई, बठ्ठा माल चांगला शे! लालचंद शेठनी ज्यासाठी मला इथे पाठवलं, ते त्यांच्या गोदामातले आपले जवळजवळ सगळे शेंगदाणे काल पास झाले.

आधी बंदरावरच्या तपासणीत दाण्यांत बुरशीचं विष निघालं होतं. तिथले साहेब म्हणाले, "अख्खा माल परत न्या." पण मी नियमांचं पुस्तक उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. "एका पोत्यावरून ठरवता येत नाही. सगळ्या मालातून पुन्हा नमुने घ्या." घेतले. कंटेनरच्या दाराजवळची चार पोती वाटेत भिजलेली, तेवढीच खराब निघाली.

थंडी आहे, पण स्वेटर पुरतो. जेवते वेळेवर. तुझे डोळे चुरचुरतात का अजून? दाणे निवडायला खिडकीजवळ बसत जा.

शेजारचा यादव तुला हे पत्र वाचून दाखवेल तेव्हा तुझ्यासोबत निवडणाऱ्या मावश्यांनाही बोलाव. कारण साहेबांनी विचारलं, "इतके स्वच्छ दाणे कुठल्या मशीनवर निवडता?" मी म्हटलं, "हातानं. आमच्या बायका निवडतात." त्यांनी नावं विचारली. आक्काबाई, झुंबरबाई सांगितल्या. मग म्हटलं, "आणि द्रौपदाबाई. ती माझी आई." साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

तुझीच लेक,
विशाखा