परत पाठवलेला वाटा

मी, राहीबाई बिरा विरकर, वय वर्षे ६८, निवृत्त परिचारिका, अविवाहित, धर्म ख्रिस्ती, राहणार टाकेवस्ती, ता. माण, जि. सातारा, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, रक्तदाब आज सकाळी मीच मोजला आहे, आणि कानाशी लागायला या घरात दुसरे माणूस नाही, तेव्हा कोणाच्या दबावाचा प्रश्नच येत नाही. देह मातीचा, आत्मा प्रभू येशूचा; मधल्या सामानाची व्यवस्था खालीलप्रमाणे करावी.

१. माझे स्वकष्टाचे दोन खोल्यांचे घर माझा धाकटा भाऊ जोतीराम याची नात सोनम हिला द्यावे. ती सांगलीला नर्सिंग शिकते. मीही तिकडेच शिकले व चोविसाव्या वर्षी तिथेच बाप्तिस्मा घेतला. सोनमने माझा धर्म घ्यावा अशी अट नाही. फक्त रविवारी सकाळी दार उघडून घर झाडावे. त्या वेळी मी इथे गात असे. साताऱ्याच्या चर्चला जायची एसटी चुकली की गाणारी मी आणि ‘आमेन’ म्हणणारीही मीच. आपलाच आवाज ऐकून कधीकधी रडू येई, हे लपवण्यात अर्थ नाही.

२. बँकेत जे निघेल ते साताऱ्याच्या आमच्या मंडळीतील विधवांना द्यावे.

३. रक्तदाबाचे यंत्र व सेकंदकाट्याचे घड्याळ सोनमला. त्याबरोबर एक सूचना: टोचलेलीच लस लिहावी. एका वरिष्ठांनी मला न टोचलेल्या लशींचे आकडे रजिस्टरात भरायला सांगितले होते. मी भरले नाहीत. त्यापायी शिरवळला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, चार वर्षे काढली. त्यांना मी क्षमा केली आहे असे रोज प्रार्थनेत म्हणते. रोज म्हणावे लागते, यावरून काय ते समजावे.

४. मोठी पातेली व परात वस्तीवरच्या बायकांना द्यावी. बाळंतपणाला त्या मला हाताला धरून नेत आणि बारशाला विसरत. बारशाला मोठी भांडी लागतात, म्हणून देत आहे. टोमणा वाटला तर वाटू द्यावा.

५. आता जोतीरामविषयी. आमच्यात यात्रेला बकरे पडले की भाऊबंदांच्या घरोघरी वाटा जातो. बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्या यात्रेला मी सुट्टीवर वस्तीवर आले होते व उपकेंद्राच्या खोलीत उतरले होते. जोतीराम स्वतः पितळी डब्यात वाटा घेऊन आला. देवापुढचे मटण मला चालणार नाही, असे म्हणून मी तो दारातूनच परत केला. आत ये म्हटले नाही, एक शब्द विचारला नाही. तो म्हणाला, “आक्का, वाटा माघारी दिलास. मग नातं बी माघारी गेलं.” त्यानंतर पुढे वडिलोपार्जित जमिनीवरचा माझा हक्क मी त्याच्या नावे सोडून दिला, पण तो माझ्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याची बायको धोंडुबाई आजारी पडली. तिची शुश्रूषा मी केली. जाण्याच्या आधी ती म्हणाली, “वन्सं, त्ये बकरं देवाचं न्हवतंच. तुमास्नी चालायचं न्हाई म्हून ह्यांनी घरी येगळं कापलं हुतं. शेरडांच्या खांडातली एकुलती पाट हुती, पुढं दुधाची शेळी झाली असती.” मी बेचाळीस वर्षे ज्याला विश्वासूपणा समजत होते, ते नुसते न विचारणे होते. विश्वास खरा होता. दार लावायची घाई माझी होती. हे सांगायला मी चारदा त्याच्या दारापर्यंत गेले आणि चारदा मागे फिरले. म्हणून इथे लिहिते: जोतीराम, माझे चुकले.

६. मला जाळू नये, पुरावे. मंडळीने साताऱ्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत जागा देऊ केली आहे. माझी इच्छा मात्र आमच्या रानात, बाभळीच्या बांधाखाली, आईबापांना जिथे अग्नी दिला त्याच्याजवळ साडेतीन हात मिळावेत अशी आहे. तेवढा वाटा मी जोतीरामकडे मागते. त्याने नाही म्हटले तर भांडू नये, गाडी करून मला साताऱ्याला न्यावे.

७. जोतीरामला या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही. हा राग नव्हे. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचे मिळणे रद्द होते. मला त्याची सही हवी आहे, कारण सहीसाठी तरी त्याला माझ्या घरात यावे लागेल. वकील म्हणाले, माझा कारकून सही करील. मी नको म्हटले. सोनमला फोन करून तिच्याकडून निरोप धाडला आहे.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी: जोतीराम आला. चपला काढून आत आला, खाली बसला. सगळे वाचले, पाचवे कलम दोनदा. चहा अर्धा प्याला. मग म्हणाला, “बाभळीखाली मुरूम लय हाय. खणायला जड जातंय. आंब्याखाली चालंल का?” मी चालेल म्हटले.

ठिकाण: टाकेवस्ती. दिनांक: ६ फेब्रुवारी २०२५.

सही: राहीबाई बिरा विरकर

आम्ही दोघांनी एकमेकांसमक्ष व लिहून देणारीसमक्ष सह्या केल्या:

साक्षीदार १. सुधाकर येशुदास भोसले, पाळक, सातारा. (सही)

साक्षीदार २. जोतीराम बिरा विरकर. (सही) नाते: ~~शेजारी~~ भाउ

(‘शेजारी’ हा शब्द मीच घातला होता, दुसरे लिहायची हिंमत झाली नाही. साक्षीदाराने तो स्वतः खोडून वर ‘भाउ’ लिहिले. खाडाखोडीवर दोघांच्या सह्या आहेत. त्याला अक्षरे मी पाटीवर शिकवली; यातला उकार दीर्घ हवा. पण तो कोणी सुधारू नये. रा. बि. वि.)