खिडकीपलीकडची कढई

सोमवार, ६

चार दिवसांसाठी आलो होतो. आज तेविसावा! बॅग ताईने कपाटावर टाकलीय, खुर्चीशिवाय हात पोचत नाही, आणि घरातली एकुलती एक खुर्ची बाबांच्या खोलीत. बाबांची उजवी बाजू गेली त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून ताई याच दोन खोल्यांत — शिलाई मशीन आणि बाबा, बाबा आणि मशीन. मी तेवढ्या काळात कुठे कुठे भटकलो ते लिहायला बसलो तर वही पुरायची नाही.

आज म्हणाली, "शनिवारी कॅन्टीनच्या मॅनेजरबाई जेवायला येताहेत, नवऱ्याला घेऊन. त्यांना आचारी हवाय. स्वयंपाक तू करायचास."

मी गारच!

मंगळवार, ७

थाप माझीच. 'बंदरावरच्या हॉटेलात आचारी आहे' असं फोनवर ठोकून दिलं होतं. खरं म्हणजे दोन वर्षं नुसत्या भाज्या चिरल्या. मधे भिंत, भिंतीला हातभर खिडकी. चिरलेल्या भाजीचे वाडगे पलीकडे आचाऱ्याकडे सरकवायचे. कढई कधी बघितलीच नाही — फक्त ऐकली.

नोकरी लागली तर इथे अडकलो. नाही लागली तर तोंड दाखवायला जागा नाही. पळावं. पण ती खुर्ची!

बुधवार, ८

बेत सोपा. स्टर-फ्राय. चिकन नि भाज्या मोठ्या आचेवर परतायच्या, वर सोया सॉस, बाजूला भात. शेंबडं पोरही करील. तरी तालीम केली, सगळं एकदम कढईत ओतलं — पाणी सुटलं, भाज्या पोहायला लागल्या!

तेच बाबांना भरवलं. डावीकडे बसून भरवायचं असतं, ताईने दाखवलं. मला आजवर माहीतच नव्हतं. बाबा अर्ध्या तोंडाने हसले. "भिंगऱ्या, हे खायचं की प्यायचं?" पायाला भिंगरी, म्हणून लहानपणापासून हेच नाव.

खाली गल्लीत बाहेरगावचा ट्रक उभा आहे. ड्रायव्हर शिट्टी काय मस्त मारतो! असो.

गुरुवार, ९

ताई काहीतरीच विचारते. तुझ्या बॅगेची चेन नीट लागते का? बोटीत मळमळतं का? म्हटलं, "तुला कशाला?" तर म्हणे, "सहज." मग बाबांच्या गोळ्या माझ्याकडून घोकून घेतल्या. पांढरी सकाळी, पिवळी जेवणानंतर.

ट्रक गेला.

शनिवार, ११

जमलं!!

पाहुणे बाहेर, मी ओट्याशी. डोळे मिटले. खिडकीतून तो आचारी ओरडायचा तसं सगळं ऐकू आलं — "लसूण!" "चिकन!" मग ते काढून ठेवल्याचा टण्ण आवाज. "गाजर!" "कोबी!" शेवटी चिकन परत आत, बाटलीचं गुडगुड. त्या आवाजांच्या मागे मागे गेलो. थोडं थोडं टाकायचं, चर्र थांबू द्यायचं नाही. बस्स.

बाईंनी दोनदा वाढून घेतलं. त्यांचे यजमान म्हणाले, "स्वतःच्या लग्नात पण ही एवढं जेवली नव्हती!" "तुम्ही गप्प बसा," बाई म्हणाल्या. मग मला, "सोमवारपासून या. सकाळचे चार तास."

झालं. अडकलो.

"तेवढा वेळ खालच्या काकू बसतील बाबांजवळ," ताई पटकन म्हणाली. काकूंना कशाला त्रास? ही असतेच की घरात!

भांडी घासताना म्हणाली, "आचाऱ्याच्या हातावर चटके असतात रे. तुझ्या हातावर नुसते सुरीचे वण. आल्या दिवशीच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू शिकावंस म्हणून."

रविवार, १२

खुर्ची कपाटाशी. कपाटावर बॅग नाही.

मशीनवर चिठ्ठी — 'समुद्र बघून येते. चार दिवसांसाठी जातेय. पिवळी जेवणानंतर.'

आत बाबा चमचा वाजवतायत. डावीकडे बसायचं.