रिंगा लखलखीत ठेवण्याबाबत

३ मार्च, सकाळी
स्लिप रिंगवरचा तपकिरी थर कशासाठी असतो? मला ठाऊक नाही. पुस्तकं चाळली, सापडलं नाही. म्हणजे मळ.

बाटल्या भरायच्या मशीनचं गोल टेबल दिवसभर एकाच दिशेला फिरतं. त्यावरच्या हीटरला सरळ वायर जोडली तर पाच मिनिटांत तिची वेणी होईल. म्हणून दांड्यावर तांब्याच्या रिंगा आणि त्यांना टेकलेले कार्बनचे छोटे ठोकळे. रिंग फिरते, कार्बन जागेवर, वीज पलीकडे. इतकी सुंदर कल्पना, आणि तिच्यावर बावीस वर्षांचा मळ!

तिथले फिटर म्हणजे माझे बाबा. मी ट्रेनी इंजिनीअर, घरातली पहिली पदवीधर. संकल्प: कारखान्यात नातं नाही.

३ मार्च, संध्याकाळी
बाबा रिंगा कोरड्या फडक्याने नुसत्या पुसतात. घासा म्हटलं तर सगळ्यांदेखत म्हणाले, मॅडम, तो थर असू द्या, कार्बनला तोच मानवतो. का, ते त्यांना सांगता येईना. ही अंधश्रद्धा. हिच्याशी लढण्यासाठीच मी शिकले.

४ मार्च
लेखी सूचना काढली: रोज शिफ्टआधी मशीन बंद ठेवून रिंगा पॉलिश पेपरने घासाव्यात. खाली बाबांची सही घेतली. चौथीत असताना मीच त्यांना सही शिकवली होती. अजून तशीच करतात, जीभ दातांत धरून. माझी सही करायची राहिली. उद्या करीन.

६ मार्च
रिंगांत माझा चेहरा दिसतो! मॅनेजर ‘वा’ म्हणाले. आई म्हणाली, बापाला शाळेत घातलंस म्हणे, आता छडी कधी आणतेस? आईला व्यवस्थापन कळत नाही.

९ मार्च
सहा महिने टिकणारे कार्बन तीन दिवसांत झिजले. माल हलका आलाय, दुसरं काय! ठिणग्याही उडतात. ऑपरेटरबाई म्हणाल्या, बरं झालं मॅडम, तेवढाच उजेड. हसण्यावारी नेलं. सुधारणेला सुरुवातीला हसतातच.

११ मार्च
बाबांनी आज घासलं नाही. पकडलं. सूचना वाचून दाखवली, सगळ्यांसमोर, कारण पक्षपात नको. ते म्हणाले, हो मॅडम. घरी जेवताना मीठ मागितलं, तेव्हाही म्हणाले, हो मॅडम. शिस्त भिनतेय.

१४ मार्च
कार्बनची भुकटी दोन रिंगांच्या मध्ये साचली. मशीन चालू असताना ठिणग्या बघायला बाबांनी रिंगांवरचं झाकण काढलं आणि भुकटीतून वीज धावून भडका उडाला. उजवा पंजा भाजला. झाकण उघडण्याबद्दल सूचनेत एक अक्षरही नव्हतं.

मशीन बंद. दवाखान्यात आईने मला आत येऊ दिलं नाही. गर्दी होऊ नये म्हणून असेल.

१६ मार्च
मशीन बनवणाऱ्यांचा तंत्रज्ञ आला. रिंगा बघून कपाळावर हात मारला. म्हणाला, तो थर रिंग आणि कार्बन मिळून धरतात, त्याच्याच जोरावर कार्बन न झिजता सरकतो. तो खरवडणारा गाढव कोण? बाबा हाताच्या पट्टीसकट चौकशीला आले होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे. बाबा म्हणाले, मीच घासलं, साहेब.

मी क्षणभर गहिवरले. मग लक्षात आलं, त्यात उपकार कसले? घासलं त्यांनीच होतं. आणि तंत्रज्ञाचं म्हणणं पुस्तकात द्यायला नको का?

१७ मार्च, दुपारी
मॅनेजरनी अहवाल मागितला. रात्रंदिवस एकच ध्यास: सत्याशी तडजोड नाही. लिहिलं, रिंगा कोणी घासल्या: फिटरने. सूचनेवर सही कोणाची: फिटरची. कोणाच्या आदेशाने, हा रकाना फॉर्ममध्ये नाही. नसलेल्या रकान्यात मी काय लिहिणार?

२० मार्च
बाबांना कामावरून काढलं. मला कायम केलं. आईला सांगितलं, एकाच घरात नोकरी राहिली, हेही नसे थोडके. ती उठून आत गेली.

कार्यमुक्तीच्या कागदावर बाबांची सही हवी होती. हात बांधलेला, पेन धरता येईना. म्हणाले, तूच कर, मॅडम, तुला येते.

केली. हुबेहूब आली.