आपलं नाव ठळक करा

तीर्थस्वरूप म्हणावं तर वयाने धाकटे, चिरंजीव म्हणावं तर टक्कल पडलेले, असे आमचे एकमेव साडूभाऊ यांस,

सप्रेम नमस्कार (हा बसून केलेला आहे, याची नोंद घ्यावी, कारण पुढे येईल). विनंतीही विशेष आहे, पण तिला शेवटी जागा दिली आहे. इकडे सर्व क्षेम. तुमचा रक्तदाब, तुमचं कापडाचं दुकान आणि गल्ल्यामागची तुमची ती गुबगुबीत खुर्ची, तिघांचीही प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. मेहुणीबाईंची विचारपूस करत नाही, त्यांची खुशाली मला परभारे कळली आहे. तुम्ही मागे फोनवर जो उपदेश केलात, 'भाऊसाहेब, मालकाच्या वाटेला जाऊ नका, उभं राहून कुणी मेलेलं नाही', तो मी शिरोधार्य मानला, म्हणजे डोक्यावर ठेवला, डोक्यात शिरू दिला नाही. मी सरकारकडे तक्रार केली. नोकरी शाबूत आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'मी तेव्हाच म्हटलं होतं' असं मेहुणीबाईंना सांगण्यासाठी तुम्ही घसा साफ केला असेल तर पाणी पिऊन घ्या.

आमचा छापखाना तुम्ही पाहिलेला आहे. पुढे मालकांची काचेची केबिन, मधे धडधडणारी यंत्रं, मागे बांधणीचा विभाग. तिथे बायका दिवसभर छापील कागदांना घड्या घालतात, पानं जुळवतात, गोंद लावतात. मी मुद्रितशोधक, म्हणजे दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरणारा प्राणी. यंत्रं आणि बांधणी यांच्यामधे एका फळीआड बसतो. (शाळेत संस्कृतात पहिला आलो त्याचं पर्यवसान या फळीत झालं, हे तुमचं आवडतं वाक्य मला पाठ आहे.) तर झालं असं, की आमचे मालक व्यापाऱ्यांच्या कुठल्याशा मेळाव्याला गेले आणि तिथल्या वक्त्याने त्यांना सांगितलं की बसण्याने आयुष्य घटतं. हे लांबलचक व्याख्यान मालकांनी मऊ खुर्चीत बसून ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बांधणीतली सगळी स्टुलं उचलून कागदाच्या गोदामात टाकली. कुलूप लावलं. कामगारांच्या दीर्घायुष्यासाठी! गोदामाच्या जाळीतून डोकावलं की ती स्टुलं पाय वर करून एकमेकांच्या अंगावर निवांत पडलेली दिसायची. अख्ख्या छापखान्यात आराम म्हणून कुणाला असेल तर त्यांना. माझी खुर्ची मात्र वाचली, कारण उभ्याने प्रूफ वाचलं तर चुका निसटतात असं मी मालकांना पूर्वीच कधीतरी पटवून ठेवलं होतं. परिणामी बांधणीतल्या बायका मला 'महाराज' म्हणू लागल्या. 'महाराज, सिंहासन सोडून तेवढा गठ्ठा इकडे देता का?' इतक्या आदराने माझा इतका अपमान पूर्वी कुणी केला नव्हता.

हे सगळं मी हसण्यावारी नेलंही असतं, पण आमच्या मावशींचे पाय. मावशी म्हणजे बांधणीतल्या सर्वांत जुन्या. मालकही त्यांना मावशीच म्हणतात. थोड्याच दिवसांत त्यांचे पाय संध्याकाळी असे सुजायला लागले की चपलेत अंगठा जाईना, आणि त्या चपला पिशवीत घालून अनवाणी घरी जाऊ लागल्या. त्यांनी केबिनशी जाऊन स्टूल मागितलं. मालक म्हणाले, "मावशी, बसून बसून गुडघे गंजतात. तुमच्याच भल्याचं सांगतोय." मावशी म्हणाल्या, "मालक, गुडघे माझे आहेत. गंजायचे तर मला विचारून गंजतील." यावर खरं तर टाळी द्यायला हवी होती. मालकांनी फर्मान दिलं: ज्यांना उभं राहणं झेपत नाही त्यांनी येत्या पहिल्या तारखेपासून घरी बसावं, तिथे बसायला छापखान्याची हरकत नाही. आता, मावशींच्या घरात कमावतं माणूस म्हणजे त्या एकट्याच. त्या दिवशी मला कुणी महाराज म्हटलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

मग मी अर्ध्या दिवसाची रजा काढली (कारण दाढदुखी, मालकांना ते पटावं इतका चेहरा माझा एरवीही असतो) आणि कामगार कार्यालयात गेलो. तिथे जिना, जिन्यावर रांग, आणि रांगेसाठी एकच बाक. त्याचा पाय मोडलेला, म्हणून त्यावर 'बसू नये' अशी पाटी. क्षणभर वाटलं, आमचे मालक इथेही येऊन गेलेले दिसतात. पण आतल्या अधिकारी बाई फार कामाच्या निघाल्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मधे टेकायलासुद्धा काही नाही?" मी म्हटलं, भिंत आहे. "भिंत आम्ही धरत नाही. बसायची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे. लेखी द्या. कुठे, काय, कधीपासून. आणि घाबरू नका, तुमचं नाव त्यांना कळणार नाही." मी घाबरलेलो नाही असं म्हणणार होतो, पण त्या बाईंना खोटं खपणार नाही असं दिसलं.

घरी येऊन मसुदा लिहिला. दीर्घकालीन ऊर्ध्वस्थितीमुळे उद्भवणारा पादशोथ, आसनापहरण, कर्मचारिवर्गाची निराधारावस्था, असा तो चढत चढत गेला. हिला वाचून दाखवला. ही म्हणाली, "छान आहे. कोण वारलं?" दुसऱ्या दिवशी मावशींना वाचून दाखवला. त्यांनी मन लावून ऐकला आणि शेवटी हळूच विचारलं, "यात माझे पाय कुठे आले?" तेव्हा मी तो फाडला आणि लिहिलं: स्टुलं काढून घेतली आहेत, पाय सुजतात, स्टुलं परत मिळावीत, या कारणाने कुणाला घरी पाठवू नये. (इतकं साधं लिहिताना मला पहिल्यांदाच घाम फुटला.)

इथवर सगळं शहाण्यासारखं झालं. पण साडूभाऊ, छापखान्यातल्या माणसाला हाताने लिहिलेला कागद तसाच बाहेर पाठवणं म्हणजे बनियनवर लग्नाला गेल्यासारखं वाटतं. आमचा टाइप करणारा (त्याला सगळे खटखट्या म्हणतात, त्याचंही स्टूल गेलेलं) जेवणाच्या सुट्टीत बसला, म्हणजे उभा राहिला, आणि त्याने मजकूर नीट जुळवला, वर 'मा. कामगार अधिकारी यांस' असं झोकात घातलं. मी पहिलं प्रूफ वाचून एक वेलांटी सुधारली, दुसरं वाचून एक स्वल्पविराम उडवला. तळाशी सवयीने, बारीक अक्षरांत, छापखान्याचं नावही आलं, जसं आमच्याकडच्या प्रत्येक कागदावर येतं. आता आमच्याकडचा रिवाज असा, की मालकांच्या सहीशिवाय एक चिठोराही दाराबाहेर जात नाही. शेवटचं प्रूफ झालं की मी कोपऱ्यात 'अंतिम' लिहितो आणि मालकांच्या टेबलावरच्या ट्रेमधे ठेवून येतो. म्हणजे माझा हात ठेवून येतो. तो मला विचारत नाही.

दुपारी फळीआड येऊन पिशवीत टाकायला प्रत शोधली, तर नाही. काचेतून पाहिलं. मालकांच्या ट्रेमधे वर साबणाची वेष्टणं, त्याखाली कुठल्याशा शाळेची प्रगतिपत्रकं, आणि त्याखाली मालकांविरुद्धची तक्रार, सहीच्या प्रतीक्षेत. साबण झाला. प्रगतिपत्रक झालं. मी मनातल्या मनात राजीनाम्याचा मसुदा सुरू केला, आणि त्यात जोडाक्षरं पुन्हा आपोआप येऊ लागली. एवढ्यात काचेवर टकटक झाली. "पंडित, आत या." (गेलो कसा, ते पायांना माहीत.) तक्रार त्यांच्या हातात होती. "हे सरकारी काम कधी आलं?" मी म्हटलं, आजच. हे खोटं नव्हतं. "मला इथे कुणी काही सांगतच नाही," असं म्हणत त्यांनी वरची ओळ पाहिली, खालची ओळ पाहिली. मधल्या ओळी वाचायला पंडित ठेवलेला आहे, असं त्यांचं धोरण. मग एकदम चेहरा पडला. "आपलं नाव इतकं बारीक? अहो, सरकारकडे जाणारा कागद हा! साहेबाच्या डोळ्यात भरलं पाहिजे!" आणि लाल पेनने तळाशी गोल काढून शेजारी लिहिलं, 'मंजूर. आपलं नाव ठळक करा', आणि खाली झोकदार सही ठोकली.

आम्ही नाव ठळक केलं. मालकांची आज्ञा. मावशींचा आग्रह पडला की नव्या प्रतीसोबत ती लाल सहीची प्रतही द्यायची. सही झालेला कागद ठेवून बिनसहीचा पाठवला, असं आमच्याकडे कधी झालेलं नाही. मी दोन्ही नेऊन दिल्या. अधिकारी बाईंनी लाल अक्षर वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं, आणि मला पोच दिली. ओठ जरासुद्धा हलू दिला नाही. शासकीय गांभीर्याचं याहून उंच शिखर मी पाहिलेलं नाही.

पहिली तारीख उजाडायच्या आत बाई आल्या. मालकांना वाटलं, सरकारी कामाची भर पडली. स्वतःची खुर्ची पुढे केली. "बसा ना मॅडम." बाई म्हणाल्या, "नको. इथे उभं राहायचा नियम आहे ना?" "छे छे, नियम कसला? आरोग्य!" "मग चला, आरोग्य दाखवा." आणि त्यांनी मालकांना बरोबर घेऊन छापखाना पाहायला घेतला, अगदी सावकाश, एकेका बाईपाशी थांबून, पाय दाखवा, चपला कुठे आहेत, कधीपासून, असं विचारत. मालक आधी ताठ होते. मग या पायावरून त्या पायावर आले. मग कागदाच्या गठ्ठ्याला हळूच टेकले, तर बाई म्हणाल्या, "टेकताय?" ते पुन्हा ताठ. शेवटी बाईंनी तक्रार पुढे केली तेव्हा मात्र उसळले. "खोटं आहे हे! कुणी लिहिलं?" "ते सांगता येत नाही. पण ही सही कुणाची?" मालकांनी निरखून पाहिलं. "माझी." "आणि 'मंजूर'?" "अक्षर... माझंच दिसतंय." "मग खोटं काय त्यात?" तेव्हा आमच्या मालकांनी आपल्या छापखान्यातून बाहेर पडलेला एक मजकूर प्रथमच मधल्या ओळींसकट वाचला.

वाचून झाल्यावर खिशात हात घातला. किल्ली काढून दिली. गोदाम उघडलं. बाहेर आलेलं पहिलं स्टूल मावशींनी घेतलं, फडक्याने पुसलं, आणि मालकांच्या मागे सरकवलं. "बसा मालक. आयुष्य कमी झालं तर माझ्या नावावर टाका." मालक बसले. बसणारा माणूस इतका कृतज्ञ दिसू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. बाईंनी तिथेच लेखी आदेश दिला: बसायची सोय कायम ठेवायची आणि यावरून कुणालाही कामावरून काढायचं नाही.

त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. मालक तक्रारदार शोधणार, आणि आमच्याकडे शुद्धलेखन येणारा मी एकटा, म्हणजे त्यांना शोधायला लांब जायला नको. पण सकाळी पाहतो तो मालक फोनवर कुणा व्यापाऱ्याला सांगताहेत, "अहो, मीच कळवलं सरकारला! माझ्या सहीने! कामगारांचा प्रश्न आला की मी स्वतःलासुद्धा सोडत नाही." साडूभाऊ, मी फळीआड जाऊन खुर्चीत असा काही बसलो की खुर्ची दचकली. पुढच्या मेळाव्यात आता मालकांचंच भाषण आहे, विषय 'बसण्याचे फायदे'. मावशी चपला घालून घरी जातात. आणि मला पुन्हा महाराज म्हणतात. आता तिथे प्रत्येकीलाच सिंहासन असल्यामुळे त्या पदवीत तसा अर्थ उरलेला नाही, तरी बरं वाटतं.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुम्हाला दोन्हींतलं जे पचेल ते.

तुमचा,
निर्धास्त साडू

ता. क. मालकांनी उत्साहाच्या भरात पाठ टेकायच्या नव्या खुर्च्या आणल्या. जुनी स्टुलं भंगारात निघाली होती, ती मी मागून घेतली. येत्या बुधवारी टेम्पोने तुमच्या दुकानी येतील. तुम्ही ती मागवलेली नाहीत, हे मला माहीत आहे. पण तुमच्या विक्रीवरच्या मुली दिवसभर तागे उलगडत उभ्या असतात आणि अख्ख्या दुकानात खुर्ची एकच, हे मी अनेकदा पाहिलं आहे. (त्या खुर्चीत तुम्ही असल्यामुळे तेही उभ्यानेच पाहिलं.) विशेष विनंती म्हणतात ती हीच: स्टुलं मांडावीत.

पुन्हा ता. क. तुम्ही टेम्पो परत पाठवाल, अशी शंका हिने काढली. म्हणून कळवतो, की माझ्याकडे टपालाने एक मजकूर तपासायला आला आहे. वर 'मा. कामगार अधिकारी यांस'. विषय: एक कापड दुकान. पाठवणाऱ्याचं नाव सांगता येत नाही, तसा नियमच आहे. मात्र अक्षर ओळखीचं आहे. तुमच्या औषधांच्या डब्यांवर 'सकाळी' आणि 'जेवणानंतर' याच अक्षरात लिहिलेलं असतं. (मेहुणीबाई तुमच्या खुर्चीशेजारी किती वेळ उभ्या असतात याची तुम्हाला कल्पना नसेल. त्यांना आहे.) मी तो मजकूर दोनदा वाचला. एकही चूक सापडली नाही. बुधवारपर्यंत मी तिसऱ्यांदा वाचतो आहे.

शेवटचं ता. क. आणि बुधवारनंतर तो तुमच्यापुढे सहीसाठी आलाच, तर मधल्या ओळी जरूर वाचा. तळाशी तुमचं नाव त्यांनी आधीच ठळक केलेलं आहे.