चौदा नंबरची पट्टी

मंगळवार, ४ मार्च

नववीही तुटली! चार लाख दहा हजार दाबांवर. संगणकावरचं माझं मॉडेल म्हणतं तीस लाख. मॉडेल आणि मशीन यांचं अगदी दोन जावांसारखं चाललंय — एका घरात राहायचं आणि एकमेकींशी बोलायचं नाही.

तुकडे मशीनवरच्या मिस्त्रींनी पाकिटात घालून वर पाठवले. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, मधे किंचित वाकवलेली पट्टी. कृत्रिम पायाच्या घोट्यात बसते. पाऊल टेकलं की दबते, उचललं की उसळते. खाली मशीन तिला सेकंदाला पाच वेळा दाबतं, तुटेपर्यंत. अगं बाई, तुटायचंच आहे तर वाकात तूट ना! सगळ्यात जास्त ताण तिथे येतो, मॉडेल तिथे लालभडक रंग दाखवून ओरडतंय. पण नाही. नऊच्या नऊ पट्ट्या वाकाच्या अलीकडे बोटभर अंतरावर तुटल्या. वर आणि चीर नंबरावरून गेलेली, त्यामुळे दोन तुकडे जोडून धरल्याशिवाय ही कितवी तेही वाचता येत नाही. नुसती कटकट.

मॉडेलमध्ये मी काहीतरी विसरलेय. काय, ते कळत नाही.

गुरुवार, ६ मार्च

बाबा आज कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. रोजच्यासारखेच. दोनशे पावलं जायची, दोनशे यायची.

छत्तीस वर्षं पोस्टमन होता हा माणूस! पाय गेल्यावरही गप्प बसले नाहीत. नवा पाय लावून रोज सकाळी नदीवरच्या पुलापर्यंत जायचे. पूल ओलांडला की त्यांचा जुना सहकारी राहतो, त्याच्याकडे चहा, मग परत. पाच महिन्यांत पट्टी तुटली. दुसरी घातली, ती चार महिन्यांत. तिसरी भर चौकात तुटली, सिग्नल सुटल्यावर. गाड्यांच्या मधोमध आडवे. लोकांनी उचलून बाजूला बसवलं. खरचटलंसुद्धा नव्हतं, पण तेव्हापासून पूल बंद. "आता चौथीवर माझा भरवसा नाही," म्हणाले. संपलं. मित्राशी फोनवर बोलतात.

तिन्ही पट्ट्यांचे तुकडे बिस्किटाच्या डब्यात ठेवलेत. पाहुणे आले की डबा वाजवून दाखवतात — "हा माझा दागिन्यांचा डबा!" पाहुणे हसतात. मला नाही हसू येत.

नवा धातू शोधायचा विषय मी आमच्या गटप्रमुख मॅडमकडून मागून घेतला तो त्या चौकामुळे. प्रस्तावात तसं लिहिलं नाही, एवढंच. जुन्या धातूला तेव्हापासून मी जेवढी नावं ठेवलीत तेवढी कुणा माणसाला ठेवली नसतील.

सोमवार, १० मार्च

शेवटी गुणक घातला.

म्हणजे मॉडेलच्या उत्तराला एका आकड्याने गुणायचं, की ते मशीनच्या उत्तराशी जुळतं. आकडा कुठून आला? जुळतो म्हणून आला! त्याला "पृष्ठभागाच्या अज्ञात परिणामांसाठी सुधारणा" असं भारदस्त नाव दिलं. तेरा पट्ट्या झाल्या आता, तेराही ठिपके रेषेवर असे चपखल बसले की मॅडम खुर्चीतून उठून पडद्याजवळ आल्या. "सुरेख. हाच आलेख समितीपुढे ठेवू."

सुरेख कसलं. आलेख जुळला, पण तो म्हणतोय काय? तुमचा नवा धातू जुन्याइतकाच कच्चा. चार लाखांत खलास. २८ तारखेला समिती बसणार. हा आलेख बघून ते हा विषय बंद करणार, आणि बरोबरच करणार.

जेवताना बाबांनी विचारलं, "काय म्हणतेय तुझी पट्टी?"

"चाललंय," म्हणाले मी. त्यांनी भाजी वाढून घेतली, पुढे विचारलं नाही. माझं "चाललंय" त्यांना लहानपणापासून पाठ आहे.

मंगळवार, ११ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही.

गुरुवार, १३ मार्च

मिस्त्रींवर ओरडले. लिहायलाही लाज वाटते.

सकाळी त्यांचा फोन. "ताई, चौदावी लावलीय. पण नंबर टाकला नाही. कोरायचं पेन बिघडलंय, नवीन यायला आठवडा लागेल. चिठ्ठी बांधलीय दोऱ्याने."

"चिठ्ठी? मिस्त्री, अहो ही चाचणी आहे, धोब्याचं गाठोडं नाही! बिननंबरी पट्टी नोंदीत धरता येत नाही, माहितीये ना?"

"मग काढू?"

"राहू दे. लावलीच आहे तर चालू द्या. मी धरणार नाही." आणि फोन आपटला. तीस वर्षं त्या मशीनपाशी उभा आहे तो माणूस. माझा राग गुणकावरचा, निघाला त्यांच्यावर.

शुक्रवार, १४ मार्च

मिस्त्रींचा फोन. "तुमची चौदा नंबर अजून जिवंत आहे."

किती? सव्वाचार लाख. ठीक आहे, एखादी असते चिवट. कालबद्दल माफी मागायची होती, तर ते म्हणाले, "ताई, माझ्या घरी दोन मुली आहेत. हे काय ओरडणं झालं?"

रविवार, १६ मार्च

बाबा आज रंगात. चहा घेताना पोस्टातल्या गोष्टी. एकदा म्हणे एका मोहल्ल्याची पत्रं सारखी परत यायला लागली, पत्ता कळत नाही म्हणून. साहेबांनी लोकांना दोष दिला — धड लिहीत नाहीत. बाबांनी परत आलेली पाकिटं टेबलावर मांडली. सगळ्यांवर शिक्का नेमका घरक्रमांकावर बसलेला! नवा कारकून शिक्का मारायचा ठाशून, आणि दर वेळी एकाच जागी. "आम्हीच पत्ता पुसायचो आणि आम्हीच म्हणायचो पत्ता नाही!"

आई म्हणाली, ही गोष्ट सतराव्यांदा. बाबा म्हणाले, अठराव्यांदा. खूप हसलो.

सोमवार, १७ मार्च

सतरा लाख!!

सकाळी फोन ठेवला आणि जिना धावत उतरले. वाटेत दोन शक्यता मनात — एक तर काउंटर बिघडला, नाही तर मिस्त्रींनी भलत्याच धातूची पट्टी लावली. काउंटर ठीक. पट्टी आमचीच, त्याच पेटीतली. टक-टक-टक-टक चाललेली, कडेला दोऱ्याला बांधलेली चिठ्ठी नाचतेय. चिठ्ठीवर मिस्त्रींचं वळणदार "१४".

चिठ्ठी.

मी तिथल्या स्टुलावर बसलेच. मिस्त्रींनी विचारलं, पाणी देऊ का? म्हटलं, आधीच्या तेरा पट्ट्या काढा. सगळ्यांचे तुकडे टेबलावर मांडले. एकेक जोडी जुळवली. १, २, ३... प्रत्येक चीर आकड्यातून गेलेली. आकडा म्हणजे काय? धातूत कोरलेली खाच! आणि खाच पडली की ताण तिथे गोळा होतो, चीर तिथूनच सुरू होते, हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवते. फळ्यावर चित्र काढून शिकवते! महिनाभर ते तुकडे जोडून जोडून नंबर वाचत होते आणि वर चिडत होते. डोळे होते की कवड्या?

"पण नंबर तर टोकाला असतो ना, मिस्त्री? जिथे मशीनचा जबडा धरतो तिथे. तिथे ताणच येत नाही."

मिस्त्री खणाकडे वळले. खणातून एक कागद काढून दिला. माझीच सूचना, जानेवारीतली. "टोकाचा नंबर जबड्यात झाकला जातो. वरच्या मजल्यावर कॅमेऱ्यात दिसेल असा, मधल्या भागात, ठळक कोरावा." खाली माझी सही. झोकदार.

मला वर बसून, खुर्ची न सोडता नंबर बघायचा होता. म्हणून.

"तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत?"

"बोललो होतो. टोकालाच टाकतो आपण, म्हणालो होतो. तुम्ही म्हणालात, स्क्रीनवर दिसत नाही." मग म्हणाले, "मीही नंतर विचार केला नाही, ताई. ठळक म्हणालात, मी ठळक कोरला. वर हौसेने."

दोघंही त्या पट्टीकडे बघत उभे राहिलो. चालली होती बिचारी.

मंगळवार, १८ मार्च

मॅडमना सांगितलं. सगळं. नंबर, सूचना, सही. आणि गुणक.

"गुणक कुठून आणला होतास?"

"जुळावं म्हणून घातला होता."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर म्हणाल्या, "मीही उठून फक्त टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या होत्या. विचारायला हवं होतं." मग एकदम कामाचा आवाज. "एका पट्टीवर मी समितीपुढे उभी राहणार नाही. आणखी दोन लाव. आजच. आणि तो गुणक माझ्यासमोर काढ."

काढला. एक ओळ पुसली फक्त. इतकं हलकं वाटलं की जिन्यात गुणगुणले.

मिस्त्रींनी शेजारच्या गटाची दोन मशीनं गोड बोलून मिळवली. दुपारी पंधरावी आणि सोळावी लागल्या. चिठ्ठ्या बांधून!

गुरुवार, २० मार्च

तुटली!!! एकतीस लाख चाळीस हजार. आणि कुठे? वाकात! बरोब्बर त्या लाल ठिपक्यावर!

मिस्त्रींनी तुकडे हातात दिले तसे माझे डोळे भरून आले. पट्टी तुटली म्हणून आनंदाने रडणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच बघितली असेल. "आता ओरडा," म्हणाले.

बुधवार, २६ मार्च

पंधरावी एकोणतीस लाख. सोळावी बत्तीस. दोन्ही वाकात.

शुक्रवार, २८ मार्च

समिती. मॅडमनी आधी चुकीचा आलेख दाखवला, मग खरा, आणि मधे काय झालं ते न लपवता सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. मीच हात वर केला. समितीतले एक वयस्क गृहस्थ पोट धरून हसले, म्हणाले, आमच्या काळी आम्ही रंगाने नंबर टाकायचो. मिस्त्री मागे उभे होते, त्यांनी मान डोलावली.

मंजूर! सहा महिन्यांत पहिल्या वीस माणसांच्या पायांत नवी पट्टी. बाबांचं नाव यादीत सातवं. यादी मी केली नाही, दवाखान्याने केली. शपथेवर सांगते.

शनिवार, २९ मार्च

बाबांना सगळं सांगितलं, गुणकासकट. शिक्क्याच्या गोष्टीशी त्यांनी ते लगेच जोडलं आणि आईकडे असं बघितलं की आता एकोणिसाव्यांदा सांगायचा हक्कच मिळाला.

"सहा महिने थांबावं लागेल, बाबा."

"सहा महिने? अगं, मी टपाल खात्यात होतो!"

रविवार, ३० मार्च

सकाळी बाबांनी सहज विचारलं, "माझ्या पट्ट्यांवर पण नंबर असतो, नाही का? दवाखान्यातला माणूस कव्हर जरा सरकवून वाचायचा."

डबा काढला. तीन पट्ट्या, सहा तुकडे. चार वर्षांपूर्वी यातलाच एक कोपरा कापून मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. धातूचे दाणे मोजले होते.

तिन्ही नंबर मला तुकडे जोडूनच वाचावे लागले.

मॉडेल चालवलं. जुना धातू, नंबर नाही. उत्तर — सव्वीस लाख. म्हणजे दोष धातूत नव्हताच. बाबा पडले ते त्या आकड्यांमुळे. माझा धातू चार लाख पावलांनी सरस, बस्स. नंबर टोकाकडे सरकवला असता तर बाबांचा पूल कधी सुटलाच नसता.

मी डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. बाबा म्हणाले, "तोंड काय पाडतेस? किती जण आज त्या पट्टीवर चालत असतील. ऊठ, कारखान्याला फोन लाव."

"रविवार आहे, बाबा."

"मग मालकाच्या घरी लाव. आणि विचार, बिननंबरी एखादी आहे का शिल्लक. मला पुलापर्यंत जायचंय."

लावला.